सीतेचं काय चुकलं?

आजचं वाचन: वाल्मीकी रामायण, अरण्यकांड, सर्ग ४६ आणि ४७.

गणपतीसाठी वैभववाडीच्या घरी आलोय. काल माझी सात वर्षांची लेक मोबाईलवर गेम खेळत होती. सशाचा फोटो लावलेल्या कुणीतरी चॅटमध्ये तिला लिहिलं होतं, "किती छान खेळतेस! कुठे राहतेस?" ती उत्तर टाईप करत होती. मी ओरडून मोबाईल काढून घेतला. ती रडत म्हणाली, "पण बाबा, तो चांगलं बोलत होता."

रात्री आजीने तिला सीताहरणाची गोष्ट सांगितली. शेवट नेहमीचा: सीतेने रेषा ओलांडली म्हणून असं झालं. लेक गप्पच झाली.

आज सकाळी मूळ सर्ग वाचले. वाल्मीकींकडे लक्ष्मणरेषा नाहीच! रावण भिक्षूच्या वेषात येतो. आधी स्तुती करतो, मग विचारतो: तू कोण, कोणाची, या रानात एकटी कशी? सीता त्याला अतिथी मानून आसन देते, पाणी देते आणि स्वतःची सगळी माहितीही सांगते. आधी स्तुती, मग चौकशी. चॅटमधला क्रम हाच होता.

मग अतिथीला देव मानणं सोडायचं का? आमच्या आईला हा प्रश्न कधी पडलाच नाही. अनोळखी माणूस खळ्यात आला की ती आधी विचारते, "खंयसून इलात? कोणाकडे?" मग पडवीत बसवून गूळ-पाणी देते. माजघरात मात्र ओळखीचंच माणूस. नाव, शाळा, पत्ता, फोटो हे मुलांचं माजघर आहे, एवढंच त्यांना शिकवायचं.

आणखी एक गोष्ट मला टोचली. नंतर राम जाब विचारतो तो लक्ष्मणाला: तिला एकटी सोडून का आलास? मी मात्र लेकीवर ओरडलो. मोबाईल हातात देऊन तिला एकटं सोडलं होतं ते मीच.

दुपारी तिला गोष्ट पुन्हा सांगितली. वेष बदलला रावणाने, चूक त्याची. सीतेने हाक मारली आणि म्हातारा जटायू धावला. "तू फसलीस तरी मला हाक मार. मी ओरडणार नाही."

"पण बाबा, जटायू हरला ना?"

"हरला. पण सीतेला कोणी नेलं हे रामाला त्यानेच सांगितलं."

आजचा संकल्प: घरातल्या लहानग्याला विचारा, मोबाईलवर तुझ्याशी कोण बोलतं? आणि उत्तर काहीही आलं तरी आधी शांतपणे ऐका. घरी सांगता येत नसेल अशा मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाईन आहे, तीही शिकवून ठेवा.

जय श्रीराम!