आतली कडी

१९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर जगापुढे ठेवला. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळणाऱ्या सूचनांमध्ये उतरवणं हे कंपायलरचं काम. त्या काळी चांगला कंपायलर कंपनीकडून विकत घ्यायचा आणि तो आत काय करतो हे विचारायचं नाही, अशीच बहुतेक रीत होती. स्टॉलमन यांनी मूळ लिखाणासकट सगळं देऊन टाकलं. अट एकच: यात भर घालून पुढे वाटाल, तर ती भरही अशीच खुली ठेवा.

ही अट नुसती कागदावर राहिली नाही. अमेरिकी कंपन्यांच्या एका संघात सी प्लस प्लससाठीचा भाग जीसीसीवर उभा राहिला. एरवी तो संघ आपलं काम कुलपातच ठेवायचा, पण अटीमुळे हा भाग खुला झाला. मग स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीनं ऑब्जेक्टिव्ह-सीसाठीचा भाग लिहिला आणि एक पळवाट काढली. आपला भाग बंदच द्यायचा, जीसीसीशी जोडायचं काम वापरणाऱ्यानं करायचं. स्टॉलमन यांनी ठाम नकार दिला आणि नेक्स्टला तो भाग खुला करावा लागला.

खरी गोष्ट सुरू होते ती या विजयातून त्यांनी घेतलेल्या धड्यापासून.

कंपायलर टप्प्याटप्प्यानं चालतो. पुढचा भाग प्रोग्राम वाचून त्याचा एक वृक्ष रचतो: कोणतं नाव कशाचं, कोणती क्रिया कशाच्या पोटात. मधला भाग त्या रचनेवर पुन्हा पुन्हा हात फिरवून ती आटोपशीर करतो. शेवटचा भाग तिच्यातून यंत्राच्या सूचना काढतो. स्टॉलमन यांच्या मनात आलं, की हा वृक्ष कुणालाही उचलून नेता आला, तर एखादी कंपनी पुढचा भाग जीसीसीचा घेईल आणि बाकीचं सगळं आपलं, बंद ठेवेल. अट न मोडताच तिच्यातला जीव जाईल. म्हणून तो वृक्ष दुसऱ्या प्रोग्रामच्या हाती पुरता लागेल अशी सोय त्यांनी वर्षानुवर्षं होऊ दिली नाही. घराचा पुढचा दरवाजा सताड उघडा, पण माजघराला आतून कडी.

कडी चोरासाठी होती, अडले मात्र शेजारी. प्रोग्राम लिहिण्याचे संपादक बनवणाऱ्यांना कंपायलरला विचारायचं होतं, की या ओळीतलं हे नाव कुठे जाहीर झालंय. चुका शोधणारी साधनं लिहिणाऱ्यांना तोच वृक्ष हवा होता. त्यांतले कित्येक स्टॉलमन यांच्याच विचारांचे, आपलं काम खुलं ठेवणारे होते. जीसीसीची ओळ न् ओळ त्यांना वाचता येत होती, पण त्यांच्या प्रोग्रामला जीसीसीशी बोलता येत नव्हतं.

इकडे २००० साली इलिनॉय विद्यापीठात विक्रम आडवे आणि त्यांचा विद्यार्थी क्रिस लॅटनर यांनी एलएलव्हीएमचं काम सुरू केलं. आडवे पवईच्या आयआयटीतून शिकून गेलेले. या दोघांची मांडणी पहिल्यापासून निराळी होती. कंपायलरचे सुटे भाग करायचे, ज्याला जो लागेल तो त्यानं आपल्या कामात जोडून घ्यावा. मात्र सी भाषा वाचायला त्यांनाही सुरुवातीला जीसीसीचाच पुढचा भाग घ्यावा लागला. त्या घराचं ऋण त्यांच्यावर होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

नोव्हेंबर २००५ मध्ये, अ‍ॅपलमध्ये रुजू झालेल्या लॅटनर यांनी जीसीसीच्या विकसकांना एक पत्र लिहिलं. एलएलव्हीएम जीसीसीत आणू या, असा प्रस्ताव त्यात होता. तुम्हाला तो कायमचा हवा असेल, तर त्याचे हक्कही स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे करायला आमची मंडळी तयार होतील, असं वाटतं, असंही त्यांनी लिहिलं. विकसकांमध्ये चर्चा झाली आणि मागे पडली. स्टॉलमन यांच्या नजरेस ते पत्र पडलंच नाही.

दोन वर्षांनी एलएलव्हीएमचा स्वतःचा पुढचा भाग, क्लँग, खुला झाला. तो आपला वृक्ष विचारेल त्याला दाखवू लागला. शेजारी तिकडे गेले. पुढे रस्ट, स्विफ्ट, ज्युलिया या भाषा एलएलव्हीएमवर उभ्या राहिल्या.

जीसीसीकडची माणसं स्वस्थ बसली नव्हती. २०१० साली जीसीसी ४.५ मध्ये बाहेरचं प्लगिन जोडायची सोय आली. त्याआधी वर्षभर परवान्याची भाषा नीट घडवून घेतली होती. प्लगिननं आपण जीपीएलशी, म्हणजे खुलेपणाची ती अट घालणाऱ्या परवान्याशी, सुसंगत आहोत असं सांगणारं एक ठरलेलं नाव स्वतःत जाहीर करायचं. ते नसेल तर जीसीसी त्याला आत घेत नाही. लिनक्सच्या कर्नलला हल्ल्यांपासून जपणारी काही साधनं आज याच वाटेनं चालतात. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते. आलेल्या माणसाला त्याची ओळख विचारायची आणि आत घ्यायचं. ती दहा वर्षं आधी झाली असती तर, हा विचार मनातून जात नाही.

पवईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटरमधून वेगळाच मार्ग धरला होता. लाखो ओळींचा कंपायलर विद्यार्थ्याच्या हाती द्यायचा कसा? त्यांनी आपल्या रीतीला ग्रे बॉक्स प्रोबिंग म्हटलं. चार ओळींचा सी प्रोग्राम घ्यायचा, प्रत्येक टप्प्यानंतर आतलं चित्र फाइलमध्ये उतरवायला जीसीसीला सांगायचं आणि एकामागून एक फायली ताडून पाहायच्या. एका ओळीतली बेरीज-गुणाकाराची गुंतागुंत पुढच्याच फाइलमध्ये सुटी होते, मधल्या उत्तरांना तात्पुरती नावं मिळतात. आणखी काही टप्प्यांनी त्यांतली काही नाहीशी होतात. ती का गेली, हे विद्यार्थ्यानं स्वतः शोधायचं. ही चित्रं माणसाच्या डोळ्यांसाठी, म्हणून कडीच्या आड येत नव्हती. या मंडळींनी आपलं शिकवणीचं साहित्यही सर्वांना देऊन टाकलं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये एका वादात लॅटनर यांचं ते जुनं पत्र पुढे आलं. ते वाचून स्टॉलमन यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, की असा प्रस्ताव आला होता हे पाहून आपण थक्क झालो, आणि मागे वळून पाहता तो स्वीकारला गेला असता तर बरं झालं असतं असं वाटतं. आयुष्यभर एका तत्त्वासाठी भांडलेल्या माणसानं असं उघडपणे म्हणणं सोपं नाही.

त्यांची भीती निराधार होती असं मात्र कुणी समजू नये. एनव्हिडियानं आपल्या ग्राफिक्स चिपांसाठी एलएलव्हीएमवर उभारलेला कंपायलर बंदच आहे. चोर होता. त्याच्यासाठी शेजाऱ्यांना किती वर्षं दाराबाहेर ठेवायचं, हा हिशेब चुकला.

पुढचं काम दोन्हीकडच्या साध्या विकसकांनी केलं. स्मृतीत भलतीकडे हात घालणारा प्रोग्राम जागच्या जागी पकडणारं अ‍ॅड्रेससॅनिटायझर गूगलच्या अभियंत्यांनी रचलं. २०१२ साली ते एलएलव्हीएममध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी जीसीसी ४.८ मध्ये. प्रोग्राम चालताना लागणारा त्याचा लायब्ररी-भाग दोघांनी निरनिराळा लिहिला नाही. जीसीसीत तो लिबसॅनिटायझर नावाच्या फोल्डरमध्ये आहे, आणि तिथेच एक सूचना लिहून ठेवली आहे: इथे किरकोळ दुरुस्तीपलीकडचा बदल करायचा असेल, तर आधी तो एलएलव्हीएमकडे पाठवा, आणि त्यांनी घेतला की मग इकडे आणा.