मेघ काय सांगतो?

बृहदारण्यक उपनिषदात एक आख्यायिका आहे. देव, मनुष्य आणि असुर ही प्रजापतीची तिन्ही लेकरे उपदेश मागावयास गेली. त्याने तिघांनाही एकच अक्षर दिले, 'द'. भोगात रमलेले देव समजले, दमन करा. लोभी मनुष्य समजला, दान करा. क्रूर असुर समजले, दया करा. आणि आकाशात मेघ गडगडतो तो हेच अक्षर पुनःपुन्हा उच्चारतो, असे ऋषी सांगतात.

आता हे आजच का काढले? तर आमच्या रत्नागिरीकडे पूर्वी डोंगर चढायचा तो गुरांमागे, मोळीला, नाहीतर देवाला. आता तरुण मंडळी हौसेने रसाळगड, सुमारगड, महिपतगड चढतात, उक्षी-कशेळीची कातळशिल्पे पाहावयास उघड्या सड्यावर हिंडतात. उत्तम आहे. पण वैशाखात वळीव येतो आणि आश्विनात परतीचा पाऊस, तेव्हा समुद्राचा दमट वारा सह्याद्रीला चढतो आणि दुपारनंतर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहतात. मेघ 'द' म्हणतो आणि आमचा गडी म्हणतो, "दहा मिनिटांत माथा येईल, आता कशाला फिरायचं?" दमन करावयाचे ते ह्याच इच्छेचे, बाबांनो.

११ जुलै २०२१ रोजी जयपूरला आमेर किल्ल्याजवळच्या टेकडीवरील बुरुजावर लोक पावसाची गंमत पाहत, छायाचित्रे काढीत उभे होते. वीज पडली आणि अकरा जण तरी गेले. आपल्या देशात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात; त्यांत बहुतेक शेतात राबणारी गरीब.

कोणी म्हणेल, "बुवा, ज्याची भरली त्याची भरली." अहो, मग गोकुळात काय झाले? इंद्राने वादळ सोडले, तेव्हा भगवंताने गोपांना माळावर उभे राहून प्रारब्धाची परीक्षा पाहा असे सांगितले नाही. गुरावासरांसह गोवर्धनाखाली घेतले. सात दिवस ठेवले, आणि वारा-पाऊस थांबल्यावर स्वतः सांगितले, आता बाहेर या. त्याआधी नाही! आजचे शास्त्र ह्याहून वेगळे सांगत नाही: शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आसरा सोडू नये.

वीज चमकली की अंक मोजावे. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुमच्या डोक्यावरच समजा. नाम घेत मोजलेत तरी चालेल, पण पाय खाली वळलेले असू द्या. खरे म्हणजे गडगडाट कानी आला की उतरावयास लागावेच. पहाटे चढून दुपारच्या आत खाली येणे हे सर्वांत शहाणपणाचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप आहे, तेही निघण्यापूर्वी पाहावे.

आसरा म्हणजे पक्के घर, नाहीतर काचा बंद केलेली मोटार किंवा एस.टी. गडावरच्या देवळाचा उघडा मंडप आसरा नव्हे. एकटे झाड तर नाहीच. उथळ गुहेच्या तोंडाशी बसू नये, कारण वीज कड्यावरून उतरताना तोंडाशी बसलेल्या माणसातून वाट काढते. लोखंडी कठडे, साखळ्या, वाहते ओहोळ टाळावे. सड्यावर तर आपणच सर्वांत उंच असतो. तिथे सापडलात तर एकमेकांपासून दूर व्हा आणि सखल जागेकडे चालू लागा. अंगावरचे केस उभे राहिले तर तो अष्टसात्त्विक भावांतला रोमांच समजू नये! तत्क्षणी पाय जुळवून उकिडवे बसावे, कान झाकावे. आडवे पडू नये, जमिनीतून पसरणारी वीज अंगभर लागते.

पायाळू माणसावर वीज पडते, ही समजूत अजून ऐकू येते. बिचाऱ्याचा काय दोष? वीज उंची पाहते, जन्म पाहत नाही. टाळांची पितळही तिला ओढून घेत नाही. मात्र कार्तिकीला दिंडी उघड्या माळावरून जाताना उंच धरलेली पताका हा खरा धोका आहे. गडगडाट होताच ती खाली घ्यावी. यात निशाणाचा अवमान होत नाही, पताका धरणारे पोर कोणाचे तरी लेकरू आहे.

आणि दया. विजेने पडलेल्या माणसाला शिवू नये, त्याच्या अंगात वीज राहते, असे म्हणून लोक लांब उभे राहतात. कोठे कोठे शेणात पुरतात. त्याच्या अंगात वीज मुळीच उरत नाही. वीज लागलेले बहुतेक जण जगतात, आणि जे जातात त्यांतले पुष्कळ हृदय थांबून जातात. श्वास नसेल तर क्षणाचाही विलंब न लावता छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी जोराने, मिनिटाला शंभराच्या वर दाब देत राहावे. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मदत पोचेपर्यंत हात थांबू नयेत, थकलात तर पुढच्याने घ्यावे.