एका बैलाच्या किमतीची काठी

मोहगाव, ता. सौंसर, जि. पांढुर्णा

चि. भाच्यास,

आधी एक सांगतो. पाकिटावर आता छिंदवाडा जिल्हा लिहीत जाऊ नकोस. 2023 साली आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला. इतक्या वेळा सांगूनही तुझा हात जुन्याच वळणावर जातो.

दिवाळीला आलास तेव्हा कंपनीच्या कामाने महिनाभर बाहेर जायचं म्हणून तुझी गोल्फची नवी थ्री वूड इथे ठेवून गेलास. जाताना म्हणालास, ‘मामाजी, पुण्यात मशीनवर 238 यार्ड गेली. आता जुनी विकून टाकतो.’ किंमत सांगितलीस तेव्हा तुझी मामी चहा ओतता ओतता थांबली. एका बऱ्या बैलाचे पैसे आहेत ते. म्हटलं, बैलाचे पैसे दिले आहेत तर परीक्षाही बैलासारखीच व्हायला पाहिजे.

तुझे आजोबा बैल घ्यायला जात तेव्हा मी लहान होतो, सोबत असायचो. बाजारात बैल तेल लावून, शिंगं रंगवून उभा असतो. मालक त्याला दोन पावलं झोकात चालवून दाखवतो. बाबा त्या चालीकडे बघतच नसत. ते म्हणत, वावरात नेऊन बघतो. मग आपल्या घरच्या बैलाच्या जोडीला त्याला वखराला जुंपत आणि पहिलं तास सोडून देत. दुपारी ऊन चढल्यावर, काळ्या जमिनीत, कितव्या तासाला तो जू टाकतो, हे बघत. बैल त्याच्या चांगल्या पावलावर घ्यायचा नसतो, दमलेल्या पावलावर घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

तुझे 238 यार्ड हे बाजारातलं पाऊल आहे. तो एक फटका. बाकीचे कुठे गेले ते तू सांगितलं नाहीस, मीही तेव्हा विचारलं नाही. शिवाय तो चटईवर मारलेला. चटईवर क्लब चेंडूच्या आधी दोन बोटं टेकला तरी घसरत पुढे जातो आणि चेंडू उडतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो आणि चेंडू वीस पावलांवर जाऊन बसतो. मशीन खोटं बोलतं असं नाही. त्याच्यापुढे जेवढं ठेवलं तेवढंच ते मोजतं.

मी नोकरीची शेवटची नऊ वर्षं कामठीला छावणीच्या गोल्फ मैदानाची देखभाल केली, हे तुला माहीत आहे. गवत कापता कापता खेळ शिकलो. माझी जुनी स्टीलची वूड तिथल्याच एका साहेबांनी निवृत्तीला दिलेली. तर सोयाबीन निघालेल्या आपल्या नदीकडच्या वावरात, दव सुकायच्या आत, वीस जुने चेंडू घेऊन तीन दिवस गेलो. पाच चेंडू जुनीने, पाच नवीने, पुन्हा पाच जुनीने, असं. सगळे एकीने मारून मग दुसरी हातात घेतली की अंग मोकळं झाल्याचं श्रेय दुसरीला जातं, नाहीतर दमल्याचा दोष. चेंडू मात्र तेच. चेंडू बदलला तर परीक्षा चेंडूची होते.

अंतर मी स्वतः चालून मोजलं. कवायतीचं पाऊल 30 इंचाचं. सहा पावलं म्हणजे पाच यार्ड. गावातले पोट्टे चेंडू जिथे पडला तिथे उभे राहून ओरडत, मी मोजत जायचो. एकाने विचारलं, ‘आजोबा, हे काय पेरता?’

प्रत्येकीचे साठ फटके वहीत आहेत, पण हिशेब एवढाच. माझ्या जुनीने एकदाही 165 यार्ड ओलांडले नाहीत. पण साठांपैकी पाचच फटके वाया गेले. तुझ्या नवीने चौदा वेळा 170 च्या पुढे नेला, एकदा तर 181. या वयात तेवढा लांब मी कधीच मारला नव्हता, पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याच नवीने एकोणीस चेंडू 110 यार्डही नेले नाहीत. सरासरी काढली तर जुनीच आठ यार्डांनी पुढे. चौदा आठवतात, एकोणीस विसरतात. म्हणून वही.

असं का, ते शोधायला मामीची पावडर घेतली. थोड्या पाण्यात कालवून क्लबच्या तोंडावर बोटाने पातळ फासायची आणि सुकू द्यायची. चेंडू लागला की गोल ठसा उमटतो. जुनीचे ठसे मधोमध, थोडे इकडेतिकडे. नवीचे मात्र बहुतेक खालच्या काठाला, जणू कुणी रांगेने टिकल्या लावल्या आहेत. चेंडूचा व्यास नियमाने कमीत कमी 42.67 मिलिमीटर असतो. म्हणजे उघड्या जमिनीवर त्याचा मध्य जेमतेम 21 मिलिमीटरवर. तुझ्या क्लबचं तोंड उंच आहे. जिथे चेंडू लागला की हाताला काहीच जाणवत नाही, ती जागा त्याहून वर राहते. धुऱ्याजवळ गवताचा झुपका होता, त्यावर चेंडू ठेवला की हाच क्लब गाऊ लागायचा. टीची खुंटी लावली तरी तेच. त्या चौदांतले बहुतेक फटके तिथलेच.

दुसरं. चेंडू वारंवार डावीकडे, नदीच्या बाजूला जात होते. गळ्याचा स्क्रू तपासला तर तू लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, वाढवून ठेवलेला. अशा क्लबमध्ये लॉफ्ट वाढवला की तोंडही किंचित बंद होतं आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे ओढला जातो. दोष क्लबचा नव्हे, पान्याचा.

आता माझ्या परीक्षेतली खोट सांगतो. तुझ्या क्लबचा शाफ्ट, म्हणजे दांडा, कडक आहे, तुझ्या जोराला बेतलेला. 68 वर्षांच्या खांद्यांना तो वाकत नाही. म्हणून माझे आकडे तुझे समजू नकोस, फक्त रीत घे. आणखी एक बघ, तुझ्या जुन्या वूडचा लॉफ्ट किती आणि लांबी किती. खाली ‘तीन’ कोरलेलं असलं तरी एकाचं तोंड साडेतेरा अंशांचं असतं, दुसऱ्याचं सोळाचं. उभ्या तोंडाचा क्लब लांब गेला तर त्यात नवल काय? तसा चेंडू खाली उतरतो तोही सपाट, आणि ग्रीनवर पडून पलीकडे पळतो.

नव्या धातूची जाहिरात वाचून हुरळून जाऊ नकोस. तोंडाला किती उसळी असावी याला नियम आहे. पोलादाचा छोटा गोळा लंबकासारखा तोंडावर सोडतात आणि तो किती वेळ चिकटून राहिला ते मोजतात. मर्यादा 239 मायक्रोसेकंद, वर 18 ची सूट. सगळे कारखाने त्या कुंपणाला आधीच टेकलेत. दरसाल दहा यार्ड वाढवायचे म्हटलं तर आणायचे कुठून?

आणि हो, वूड म्हणजे लाकूड, पण आता त्यात लाकूड नावालाही नाही. पूर्वी डोकं पर्सिमनच्या लाकडाचं असे. अमेरिकेतलं ते झाड आपल्या तेंदूचं सख्खं भाऊबंद, दोघांची जातकुळी डायोस्पायरोस. लहानपणी तू सुट्टीत इथे टेंभरं खाऊन तोंड तुरट करून घ्यायचास, त्याच घराण्यातलं. 1979 साली टेलरमेडच्या गॅरी अ‍ॅडम्सने पोलादी डोक्याची वूड बाजारात आणली. पिट्सबर्ग पोलादाचं शहर, म्हणून लोकांनी तिला ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हटलं. आपण ‘भिलाईचा तेंदू’ म्हटलं असतं. तीन नंबरच्या वूडला तर इंग्रज ‘स्पून’ म्हणत, म्हणजे चमचा. पोट्ट्यांना हे सांगितलं तर दिवसभर हसत होते.

तुला लांबीचं वेड आहे म्हणून दोन गोष्टी. 1935 च्या मास्टर्समध्ये जीन सॅराझेनने पंधराव्या होलवर चार नंबरच्या वूडने 235 यार्डांवरून चेंडू थेट होलमध्ये घातला. पाचच्या पारवर दोन फटके. लोक तो फटका सांगतात. पण त्याने फक्त बरोबरी झाली होती. स्पर्धा तो जिंकला दुसऱ्या दिवशी क्रेग वूडविरुद्ध आणखी 36 होल खेळून. आणि आपली अदिती अशोक 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. टीवरून लांबी मोजली तर ती सगळ्यात मागच्यांत होती. जिथे इतर मुली छोटे क्लब काढत, तिथे हिला लांबचे क्लब काढावे लागत. ते तिने सरळ मारले म्हणून चौथी.

तेव्हा तू क्लब घेऊन पुण्याला परतल्यावर येरवड्याच्या मैदानावर एक काम कर. स्क्रू मूळ खुणेवर आण. जुनी आणि नवी, दोन्ही घेऊन जा. एकाच जातीचे चेंडू. वीस टीवरून, वीस गवतावरून, वीस गवत विरळ आहे अशा जागेवरून, पाच-पाच करून आलटून पालटून. सगळ्यात लांबचे दोन आणि सगळ्यात वाईट दोन दोन्हीकडून काढून टाकायचा मोह होईल, वाईट काढू नकोस. डावीकडे किती, उजवीकडे किती, तेही लिही. पावसाळ्यात चेंडू पडतो तिथेच बसतो, उन्हाळ्यात घरंगळतो. म्हणून दोन्ही एकाच सकाळी मार.

माझा कौल विचारशील तर टीवरून मारायला क्लब उत्तम आहे. फेअरवेवर, विशेषतः विरळ गवतावर, त्याच्यावर माझा भरवसा नाही. जुनी विकू नकोस. पिशवीत चौदा क्लबांची मुभा आहे, दोन्ही मावतील.

मामी म्हणते, आंबिया बहाराची संत्री काढणीला आलीत, त्या सुमारास ये. येताना डझनभर चेंडू आण. माझ्या वीसांपैकी अकराच उरलेत. नऊ नदीत गेले, त्यातले सात तुझ्या क्लबने घालवले.

तुझा,
मामा