झोपलेला वैमानिक

एलटीसीच्या कृपेने अस्मादिक सहकुटुंब दिल्लीला निघाले. चिकलठाण्याहून, आणि चक्क विमानानं! पट्टा आवळून शेजारी पाहतो तो काय, खांद्यावर सोनेरी पट्ट्या, मांडीवर टोपी आणि साक्षात वैमानिक गाढ झोपलेला. माझ्या पोटात गोळाच आला. "अहो, मग हे चालवतंय कोण?" हे मी इतक्या मोठ्यानं विचारलं, की तोच जागा झाला.

"घाबरू नका काका. मी ड्यूटीवर चाललोय. घर इथं, नेमणूक दिल्लीला. अपडाऊन करतो."

अपडाऊन! हरवलेला सख्खा भाऊ भेटल्यासारखं वाटलं. मीही राहायला संभाजीनगरात आणि नोकरीला जालन्यात. रोज साठेक किलोमीटर, रेल्वेचा पास. करमाडला पत्ते पिसायचे, बदनापूरपर्यंत एक डाव उरकायचा. याचं मात्र निराळं. विमानात जागा उरली तर बसायचं, नाही तर पुढचं बघायचं; म्हणून आदल्या दिवशीच निघायचं. दिल्लीत पाचजणांत एक खोली, ज्याची रात्र मोकळी त्याची कॉट. गिरणगावातल्या गाळ्यांत पाळीपाळीनं झोपत, त्यातलाच प्रकार. पगाराचा फरक सोडा.

"पण विश्रांतीचे नियम असतील ना?"

"आहेत की. २०२४ च्या नियमांत आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केलीय. पण त्या तासांत मी झोपलो की विमानं पकडत हिंडलो, ते कोण बघतंय?"

मग त्यानंच २००९ सालची गोष्ट सांगितली. अमेरिकेत बफेलोजवळ विमान पडलं, ५० माणसं गेली. कॅप्टनचं घर फ्लोरिडात. सहवैमानिक बाई सिअॅटलहून रात्रभर मालवाहू विमानांतून न्यूअर्कला कामावर आलेल्या. पुढे ढकलायचा दांडा कॅप्टननं मागे ओढला, असं चौकशीत निघालं. त्यात थकव्याचा वाटा किती, ते मात्र नक्की ठरवता आलं नाही. कसं ठरवणार? थकव्याचं व्हाउचर कुठं असतं?

राहावं कुठं हा ज्याचा त्याचा प्रश्न, असं मी आजवर ठासून म्हणत आलो. बँकेच्या फॉर्मवर 'राहण्याचे ठिकाण : जालना' लिहून सहीसुद्धा ठोकतो. पण गेल्या सप्टेंबरात सहामाही क्लोजिंग होतं. रात्री साडेअकराला घरी, पहाटे पाचला पुन्हा उठणं. दुपारी कॅशमध्ये बसल्या-बसल्या मान लवली आणि संध्याकाळी पाचशे रुपये जास्त निघाले. कमी निघाले असते तर खिशातून भरून मोकळा झालो असतो. जास्तीचं काय करायचं? पाचव्या दिवशी खेड्यातली एक म्हातारी आली, निराधारचे पैसे नेलेली. म्हणाली, "सायब, माझंच मोजाया चुकलं आसंल. पर एकदा बघता का?"

पाच दिवस ती आपल्याच बोटांवर संशय घेत बसली होती.

हे ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, जालन्याला राहायला का जात नाही?"

"मुलीची दहावी आहे. तुम्ही दिल्लीला का नाही?"

"मुलीची बालवाडी."

दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. तिथं नुसते ढग होते.

"ड्यूटी किती वाजता?"

"पहाटे चारला हजर व्हायचंय."

चहाची गाडी आली तेव्हा त्याचा डोळा लागला होता. मी हवाईसुंदरीला तोंडावर बोट ठेवून खुणावलं आणि "बाबा, ते बघा!" म्हणून ओरडणाऱ्या आमच्या कन्येला दटावून गप्प बसवलं.