पकड

विहिरीवर एक बाई पोहऱ्यानं पाणी शेंदत होती. तिच्या दंडाच्या स्नायूत त्या वेळी घडलेली ही गोष्ट.

स्नायूत मायोसिनचे जाड तंतू असतात आणि त्यांच्या शेजारी अ‍ॅक्टिनचे बारीक. एकेका जाड तंतूला सुमारे ३०० डोकी. (डोकी असली म्हणजे अक्कल असतेच असं नाही, हे आपण माणसांतही पाहतो.) मेंदूचा निरोप आला, कॅल्शियम सुटलं, अ‍ॅक्टिनवरचं झाकण सरकलं आणि डोकी कामाला लागली. अ‍ॅक्टिन धरायचं, मान वळवून ओढायचं, सोडायचं, पुन्हा पुढे धरायचं. एका ओढीत तंतू सरकतो तो मिलिमीटरचा जेमतेम लाखावा हिस्सा.

त्यातलं एक धाकटं डोकं भलतंच हट्टी होतं. ओढून झाल्यावर एटीपीचा रेणू त्याच्याजवळ आला. तो चिकटला की पकड सुटते, हा तिथला नियम. धाकट्यानं त्याला हाकललं. "एवढं ओढून आणलंय, ते सोडू कशाला? सारखं सोडतात ते कमकुवत!"

तंतू तर पुढे सरकतच होता. धाकटं मागे ताणलं जाऊ लागलं आणि शेजाऱ्यांची ताकद त्यालाच ओढण्यात वाया जाऊ लागली.

थोरलं डोकं म्हणालं, "अरे, ती बाई दोर कसा ओढते? एक हात सोडते तेव्हा दुसऱ्यानं धरलेलं असतं. दोन्ही हात आवळून बसली, तर पोहरा येईल का वर?"

"पण मी सोडलं आणि तंतू निसटला तर?"

"मग आम्ही कशाला आहोत? आणि एटीपीला तू चोर समजतोस. तो आधी सोडवतो, मग फुटतो. त्या फुटण्यातूनच तुझी मान पुन्हा ताणली जाते. पुढच्या ओढीचं बळ ते."

"दादा, सगळ्यांनीच धरून ठेवलं, कुणी सोडलंच नाही, असं कधी होतं?"

"होतं. एकदाच."

थोरल्याची ओढायची पाळी आली, बोलणं तिथंच राहिलं. धाकट्यानं मुकाट्यानं एटीपी घेतला. पोहरा वर आला.

माणूस गेला की एटीपी तयार होणं थांबतं. कॅल्शियम झिरपतं, डोकी धरतात आणि सोडवायला कुणी येत नाही. काही तासांत पापण्या, जबडा, मान, मग हातपाय ताठ होतात. हा ताठा पुढे उतरतो, पण पकड सुटल्यामुळे नव्हे. तोवर स्नायूतली प्रथिनंच विघटित होऊ लागलेली असतात.