आवड आणि पुरावा

‘ज्याची त्याची आवड’ एवढें म्हटलें कीं वाद मिटला, असें मानण्याची चाल सुशिक्षितांतहि आहे. आमटींत गूळ किती असावा, एवढ्यापुरतें तें योग्यच होय. परंतु ज्या वस्तूचें कार्य मोजतां येतें, तिच्या निवडींत आवडीचा शब्द अखेरचा मानावा काय? या प्रश्नाच्या विचारास टर्नटेबलचा टोनआर्म, म्हणजे तबकडीवर सुई धरून ठेवणारी दांडी, हें उत्तम उदाहरण आहे. त्याच्या निवडीविषयीं शौकिनांत दोन तट आहेत. एक म्हणतो, कान हाच पुरावा. दुसरा म्हणतो, मोजमाप हाच पुरावा.

प्रथम मोजमापाची बाजू पाहूं. मूळ तबकडी कोरणारें टोंक कडेपासून मध्याकडे सरळ रेषेंत सरकतें. घरांतील बहुतेक टोनआर्म मात्र एका खुंटीवर फिरतात, त्यामुळें सुई कमानीच्या वाटेनें जाते. दोन मार्गांतील या कोनाच्या फरकानें स्वर विकृत होतो. १९३८ सालीं लोफग्रेन यांनीं व १९४१ सालीं बेअरवाल्ड यांनीं याचें गणित मांडलें. आर्मला योग्य वांक दिला व सुई तबकडीच्या मध्यापलीकडे किंचित् पोहोंचेल अशी ठेविली, तर हा फरक दोन ठिकाणीं शून्य होतो व इतरत्र अल्प राहतो. शिवाय आर्मचें वस्तुमान व कार्ट्रिजची लवचिकता यांच्या जोडीला स्वतःचें एक कंपन असतें. तें सेकंदास ८ ते १२ आवर्तनांच्या सुमारास असावें. फार खालीं गेल्यास वांकड्या तबकडीवर आर्म डोलूं लागतो, फार वर गेल्यास तें खर्जांत मिसळतें. या गोष्टी कोणाच्या आवडीची वाट पाहत नाहींत.

परंतु येथेंच एक मौज आहे. लोफग्रेन यांनीं एक नव्हे, दोन उत्तरें दिलीं : एकानें विकृतीचा सर्वांत उंच कळस कमी होतो, दुसऱ्यानें एकंदर सरासरी विकृति कमी होते. पुढें १९६६ सालीं स्टीव्हन्सन यांनीं एक शून्यस्थान अगदीं आंतल्या खाचेपाशीं नेलें. मिनिटास ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या कडेला खाच सेकंदास सुमारें ५१ सेंटिमीटर वेगानें धांवते, आंत तो वेग २१ वर येतो. म्हणून तोच दोष आंत अधिक बोंचतो. ज्याच्या तबकडीवर विलंबितानंतर द्रुत ख्यालाच्या ताना बाजूच्या अखेरीस येतात, त्यास स्टीव्हन्सन यांचा मार्ग सोईचा वाटेल. सुट्या गीतांच्या रसिकास कदाचित् दुसरा. तिन्ही उत्तरें खरीं आहेत, पण प्रत्येक आपापल्या हेतूपुरतें. आणि हेतु गणितांत नसतो. तो ऐकणारा घेऊन येतो.

आवडीचें व पुराव्याचें राज्य कोठें संपतें, तें यावरून कळतें. काय साधावयाचें हें आवडीनें ठरवावें. तें साधलें कीं नाहीं, हें पुराव्यानें. ‘मला हा आर्म आवडतो’ हें विधान कोणासहि खोडतां येणार नाहीं, कारण तें बोलणाऱ्याविषयीं आहे. ‘हाच आर्म श्रेष्ठ’ हें विधान वस्तूविषयीं आहे, व तें सिद्ध करण्याचा भार बोलणाऱ्यावर पडतो. पहिल्यानें दुसऱ्याचा वेष घेणें, ही खरी लबाडी होय.

कान खोटे असतात असें नव्हे, पण ते एकटे साक्ष देत नाहींत. १९९४ सालीं टूल व ऑलिव्ह यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लाऊडस्पीकर पडद्याआड असतां व डोळ्यांसमोर असतां त्याच श्रोत्यांनीं निरनिराळे गुण दिले. आर्मची तुलना तर त्याहून अवघड. एक काढून दुसरा बसवीपर्यंत आधींच्या स्वराची आठवण विरते, आणि किंचित् मोठा आवाज अधिक चांगला भासतो.

आंकड्यांच्या भक्तासहि एक दोष जडतो. कोणास जुन्या आर्मची घडण भावते, कोणास तो वडिलांच्या हातचा म्हणून प्रिय असतो. या प्रेमास पुरावा मागणें हा उद्धटपणा आहे. मात्र शेजारी आपल्या शब्दावर महिन्याचा पगार खर्चणार असेल, तर आपलें प्रेम कोणतें व आपलें ज्ञान कोणतें, हें त्यास वेगळें करून सांगणें हें आपलें कर्तव्य आहे. औषध सुचवितांना किंवा स्थळ सुचवितांनाहि हेंच कर्तव्य असतें. टोनआर्मसारख्या लहान बाबतींत तें अंगवळणीं पडलें, तर तेथेंहि उपयोगी पडेल.