हिंसा कुणाच्या पदरी?

गोगलगाईचे मांस पोखरून वाढणाऱ्या अळीला क्रूर म्हणावे काय? सायोमायझिडी कुळातील माश्यांच्या अळ्या बहुधा याच अन्नावर जगतात. काही जातींच्या अळ्या एकामागून एक गोगलगाई मारतात. काही एकीच्याच अंगात राहून तिला सावकाश संपवतात. अमेरिकेतील क्लिफर्ड बर्ग यांनी १९५३ साली त्यांचा हा आहार प्रसिद्ध केला, आणि माणसाला त्यात आपला लाभ दिसला. गुरांचे यकृत पोखरणारा चपटा कृमी आधी पाण्यातल्या गोगलगाईच्या अंगात वाढतो. म्हणून १९५८ साली निकाराग्वा देशातील अशी एक माशी हवाई बेटांत नेऊन सोडली. गुरे वाचावीत, हा हेतू चांगलाच होता. पण त्याच बेटांत तीन वर्षांपूर्वी, पिके खाणाऱ्या आफ्रिकी गोगलगाईंवर उतारा म्हणून, एक मांसाहारी गोगलगाय आणली होती. तिने झाडांवरच्या निरुपद्रवी गोगलगाईंच्या कित्येक जाती नामशेष करण्यास हातभार लावला. हेतू तेव्हाही चांगलाच होता!

अळीला दुसरे अन्न ठाऊक नाही. तिला पाप कसले? निवड करतो तो माणूस. दुसऱ्याच्या तोंडून मारविले, म्हणून आपले हात निर्मळ राहत नाहीत. गाय वाचवावीच, वाचकहो. पण कुणाच्या जिवावर, हे आधी मोजावे, आणि मागाहून जाऊन पाहावेही.